बैलावरची बाई आणि अठरा हजारांचं कोटेशन

अठरा हजार रुपये. त्यात ड्रायक्लीनिंग, मागून गोंदानं चिकटवलेला प्लाय, सोनेरी चौकट आणि वरून काच. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याची वाटणी होऊन आम्ही हुडकेश्वरच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सामानात चटईसारखा गुंडाळलेला एक भिंतीवरचा गालिचा निघाला. सहा फूट रुंद, चार फूट उंच. एका सजावटवाल्यानं तो पाच मिनिटं पाहिला आणि हा आकडा कागदावर लिहून दिला. बरं झालं मी तेव्हा "घरात विचारते" म्हणाले. त्या चार कामांतलं एकही काम जुन्या विणलेल्या कापडावर करायचं नसतं, हे मला नंतर कळलं.

आमच्या घरात त्याला "पार्वतीचा गालिचा" म्हणत. पांढरा बैल, त्याच्या शिंगांना फुलं, पाठीवर बसलेली बाई, खाली पाणी, मागे काठावर हात उंचावलेल्या सख्या. आजेसासऱ्यांनी तो सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या लिलावात घेतला होता, साहेब लोक विलायतेला परत चालले तेव्हा. सासूबाई लग्न होऊन आल्या, त्या आधीपासून चैत्रगौरीच्या मागे तोच टांगलेला. बाईच्या कपाळाच्या जागी कुंकवाचा जुना डाग आहे, त्यावरून किती पिढ्यांनी तिला पार्वती मानलं याचा अंदाज यावा.

अशा वस्तू नागपुरात वाटतात तितक्या दुर्मीळ नाहीत. महाल, सीताबर्डी, धरमपेठेतली जुनी घरं मोडतात, माणसं बेसा-हुडकेश्वर-मानेवाड्याकडे राहायला येतात आणि माळ्यावरचं सामान पहिल्यांदा उजेडात येतं. त्यात असं काही निघालं तर कुठल्या कामाला किती पैसे द्यायचे आणि कुठल्या कामाला एक रुपयासुद्धा नाही, हे सांगायला हा लेख.

आधी उलटा करा

पहिलं काम फुकट आहे. गालिचा स्वच्छ चादरीवर पालथा घाला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाठ पाहा. इतवारीत घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसलं भिंग दीडशे रुपयांना मिळालं, तेवढाच या पायरीचा खर्च.

पाहायचं काय? कापडात उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा म्हणजे बाणा. हातानं विणलेल्या खऱ्या टॅपेस्ट्रीत, म्हणजे चित्र विणलेल्या पटात, बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातच नाही. बैल पांढरा असेल तर पांढरा धागा बैलापुरताच जातो आणि मागे फिरतो, शेजारचं निळं पाणी दुसऱ्या धाग्याचं. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. त्यामुळे पाठीवर तेच चित्र, तेच रंग, फक्त डावं-उजवं उलटलेलं दिसतं. दोन रंग जिथे सरळ रेषेत भेटतात तिथे कधी कधी बारीक फट राहते, ती नंतर सुईनं शिवलेली असते. युरोपातल्या जुन्या टॅपेस्ट्री बहुतेक आडव्या करून विणत, म्हणून भिंतीवर टांगल्यावर ताण्याच्या बारीक उठावदार रेघा आडव्या धावतात. बोट फिरवलं तरी कळतं.

याउलट जॅकार्ड यंत्रावरचं कापड. जोसेफ मारी जॅकार्डनं फ्रान्समध्ये छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा हा माग १८०४ मध्ये आणला. पुढे याच पद्धतीनं फ्रान्स, बेल्जियम, इटलीत भिंतीवरचे चित्रांचे पट गठ्ठ्यांनी विणले गेले. यात बाणा काठापासून काठापर्यंत जातो. समोर नको असलेला रंग मागे लपतो, म्हणून पाठ फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसते. समोर पांढरा बैल, मागे काळपट.

आमचा बैल मागून काळपट निघाला.

खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. पण ताडून पाहायला हातविणीचा नमुना हवा म्हणून मी सासूबाईंची जुनी पैठणी काढली होती. पदर उलटला आणि पाहतच राहिले. मोर समोरून जसा, तसाच मागून. एक धागा सुटा लोंबकळत नाही, प्रत्येक रंग आपापल्या हद्दीत वळलेला, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवलेला. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात राजाच्या दरबारासाठी ज्या तत्त्वावर विणत, तेच तत्त्व. कापडाचे जाणकार पैठणीच्या पदराला टॅपेस्ट्री विणच म्हणतात. म्हणजे भिंतीवरची निघाली यंत्राची, आणि खरी हातविणीची टॅपेस्ट्री चाळीस वर्षं कपाटात नेप्थलीनच्या गोळ्यांबरोबर घडी पडून. पुढे जे खर्च सांगते ते दोन्हींना लागू आहेत, आणि माझं मत विचाराल तर पैसे खर्चायचेच असतील तर आधी पैठणीवर खर्चा.

पैठणीचा पदर उलटल्यावर मागे कापलेल्या धाग्यांची दाटी दिसली, तर तीही जॅकार्डवरचीच. दुकानात नवी घेतानाही हीच परीक्षा.

बाई कोण, आणि कधीची

पार्वती नव्हे, हे भाच्यानं आणलेल्या एका नाण्यानं ठरलं. ग्रीसच्या २ युरोच्या नाण्यावर हेच चित्र आहे: बैलाच्या पाठीवर बाई. ती युरोपा, फिनिशियाची राजकन्या. ग्रीकांचा झ्यूस पांढऱ्या बैलाचं रूप घेऊन तिला पाठीवर बसवतो आणि समुद्र पोहून क्रीट बेटावर नेतो. रोमन कवी ओव्हिडनं ही कथा सांगितली आणि पुढची कित्येक शतकं युरोपातले चित्रकार आणि विणकर तिच्यावर जगले. खूण सोपी आहे. आपल्या चित्रांत नंदीबरोबर शंकर असतो, त्रिशूळ असतो, मागे कैलास असतो. समुद्र आणि काठावर घाबरलेल्या मैत्रिणी कधी नसतात. पार्वतीचा कुंकवाचा मान युरोपाला गेला, ही चूक वाईट म्हणता येत नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असू दे. बाई तर आहे नं."

वय ओळखायला काही खुणा घरबसल्या पाहता येतात. काठाजवळ ढालीच्या दोन बाजूंना दोन 'बी' अक्षरं विणलेली असतील, तर ती ब्रुसेल्सची खूण, १५२८ पासून तिथे सक्तीची झालेली. अशी खूण दिसली तर पुढचं काहीही करू नका, थेट जाणकाराला फोटो पाठवा. झाडं हिरवी न दिसता निळी दिसत असतील तर कापड जुनं आणि रंग वनस्पतीचे असण्याची शक्यता वाढते. कारण तेव्हा हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून करत, आणि पिवळा उन्हानं उडतो. आपल्या हळदीचंही तेच होतं. काळ्या-तपकिरी रेघांच्या जागी धागाच गळून गेला असेल, तर लोहाच्या पाण्यात रंगवलेली लोकर. हा रंग धाग्याला आतून खातो. भडक जांभळा असेल तर १८५६ नंतरचंच समजा, कारण विल्यम पर्किनला पहिला कृत्रिम जांभळा त्या वर्षी सापडला. आणि काठाला इंग्रजीत देशाचं नाव छापलेली चिंधी शिवलेली असेल तर साधारण १८९० च्या आधीची धरू नका.

आपल्याकडे पुराणातले प्रसंग विणलेच नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. आसामात सतराव्या शतकात रेशमात कृष्णलीला विणल्या गेल्या. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध वृंदावनी वस्त्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बारा पट्ट्या जोडलेलं, नऊ मीटरहून लांब. ते तिबेटमधून १९०५ मध्ये तिथे पोचलं. त्याची वीण टॅपेस्ट्रीची नव्हे, वेगळी आहे. पण तुमच्या घरात असल्या पट्टीचा तुकडा निघाला तर सोफ्यावर टाकू नका.

शंभर वर्षांची रेघ

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अमलात आला १९७६ मध्ये. त्याप्रमाणे शंभर किंवा अधिक वर्षांची कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते. ती भारतातच बनलेली असावी अशी अट नाही, म्हणजे बेल्जियमहून आलेला शंभरीतला पटही त्यात बसतो. हस्तलिखितांना मात्र ही मुदत ७५ वर्षांची आहे.

लोक इथे दोन टोकांना जातात. काहींना वाटतं घरात जुनी वस्तू ठेवणंच गुन्हा, तसं नाही. नोंदणीची सक्ती ठरावीक प्रकारांना आहे: दगड, धातू, हस्तिदंत, लाकूड यांतली शिल्पं, कापडावरची धरून सर्व चित्रं, आणि सचित्र हस्तलिखितं. विणलेलं कापड त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. पण कापडावर रंगवलेलं चित्र यादीत येतं, म्हणून पिछवाई निघाली तर नोंदणीचं पाहावंच लागेल. दुसऱ्या टोकाचे लोक मुलगा अमेरिकेत आहे म्हणून गालिचा त्याच्या बॅगेत टाकतात. हे करू नका. पुरावस्तू देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद आहे. शिक्षा किमान सहा महिने, तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. वस्तू शंभरीतली नाही असं वाटत असेल तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा. त्यांचं मंडळ कार्यालय नागपुरातच आहे. विमानतळावर अडवल्यावर "आजीचा आहे हो" म्हणून सुटका होत नाही.

पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. घरातली एक वस्तू विकणारा गृहस्थ व्यापारी होत नाही, पण विकत घ्यायला जो दारात आला आहे त्याच्याकडे परवाना मागा. इथेच निम्मे लोक जिना उतरतात.

धुणं नको, झाडणंही नको

ड्रायक्लीनिंगचा दर कितीही असो, उत्तर नाही. फिरत्या पिंपात ओलं-जड कापड स्वतःच्याच वजनानं ताणतं आणि सुकलेला रेशमी बाणा तुटतो. पाण्यात धुतलं तर जुने कृत्रिम रंग एकमेकांत उतरतात, लोकर आटते, सुती ताणा आटत नाही, आणि चित्राला कायमच्या सुरकुत्या पडतात. बेल्जियममध्ये मेखेलनची डे विट ही संस्था १८८९ पासून टॅपेस्ट्रीचं काम करते. तिथे खालून हवा ओढत वरून पाण्याचे बारीक तुषार सोडतात, रंग पसरायच्या आत पाणी खेचलं जातं. ही सोय घराच्या गच्चीवर होत नाही.

घरी करता येतं ते एवढंच. मच्छरदाणीच्या कापडाचा हातभर तुकडा गालिच्यावर पसरा आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर अगदी कमी ओढीवर ठेवून त्या जाळीवरून हळू फिरवा. जाळीमुळे सुटा धागा नळीत जात नाही. आधी पाठ, मग समोर. जाळीचे चाळीस रुपये. आमच्या गालिच्यातून निघालेली धूळ पाहून नवरा म्हणाला, "अर्धा महाल आला आपल्याबरोबर."

कसर लागली असेल तर औषध फवारू नका. गालिचा मलमलीत गुंडाळून पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव जमतं. अळी आणि अंडी दोन्ही मरतात. ओळखीचा आइस्क्रीमवाला असेल तर खर्च शून्य. आमचा होता, पण त्यानं दोनदा विचारलं की यात नक्की काय आहे. पैठणी अशीच ठेवता येते. मणी-काचा शिवलेलं किंवा रंगवलेलं कापड मात्र नको.

नागपूरचं हवामान हा वेगळाच शत्रू. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि हवा कोरडी ठक्क, जुलैत तीच हवा ऐंशी टक्क्यांवर ओली. धागा फुगतो-आकसतो, दर वर्षी थोडा मोडतो. पण खरी हानी आपण करतो ती कूलरनं. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली दमट हवा सरळ कापडावर लागते, शिवाय बोअरच्या खाऱ्या पाण्याचे कण. कूलरच्या झोतासमोर आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर गालिचा टांगायचा नाही, ही आपल्या भागाची पहिली अट. संग्रहालयात अशा कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. घरात लक्स कोण मोजतो? दुपारी पडदा ओढा, एवढं पुरे.

टांगायचं बिल

खिळे ठोकलेली भोकं आमच्या गालिच्याच्या वरच्या काठाला अकरा होती. प्रत्येक भोकाभोवती कापड ओघळलेलं. टांगायची योग्य रीत वेल्क्रोची आहे, जगातली मोठी संग्रहालयंही हीच वापरतात. वेल्क्रोची मऊ पट्टी आधी सुती निवारीवर मशिननं शिवायची, मग ती निवार गालिच्याच्या वरच्या काठाला मागून हातानं, सैल टाक्यांनी. काटेरी पट्टी लाकडी पट्टीवर ठोकायची, लाकडी पट्टी भिंतीत स्क्रूनं. वजन सगळ्या काठावर सारखं वाटलं जातं आणि घराला आग लागली तर दोन सेकंदांत ओढून काढता येतो. मागे मांजरपाटाचं अस्तर, तेही सैल, खालून मोकळं.

माझा हिशेब असा झाला. गांधीबागेतून मांजरपाट पाच मीटर, सत्तर रुपयांनी, साडेतीनशे. अस्तर लावायच्या आधी ते दोनदा गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात अस्तर आकसतं आणि गालिचा पोट काढतो. दोन इंची वेल्क्रो आणि निवार दोन मीटर, शंभर. लकडगंजमधून सहा फुटी सागवानी पट्टी रंधा मारून साडेचारशे. लाकडाचं आम्ल कापडाला लागू नये म्हणून वर पॉलिश, स्क्रू आणि गट्टे धरून दीडशे. हातशिलाई शेजारच्या लेआउटमधल्या एका ताईंनी केली, दोन दिवस, सहाशे रुपये रोजानं बाराशे. जाळी आणि भिंग मिळवून एकूण २,४४० रुपये. दर दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील. शिलाईत कंजूसपणा करू नका, कारण टाका घट्ट घातला तर पुढे तोच कापडाला कापतो.

टांगायचाच नसेल तर घडी नको, गुंडाळी. सहा इंची पीव्हीसी पाइप, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर धुतलेली मलमल, आणि चित्राची बाजू बाहेर ठेवून ताण्याच्या दिशेनं गुंडाळा. वरून पुन्हा मलमल. प्लास्टिकचं वेष्टन अजिबात नको. घडी केलेली पैठणी आधी घडीवरच चिरते, हे कुणाही आजीला माहीत असतं. त्यावर पाइप हा उपाय आहे, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

जाणकाराकडे कधी

वीण उसवली, भोकं पडली किंवा ब्रुसेल्ससारखी खूण निघाली तर मग जाणकार हवा. नागपुरात रफूवाले आहेत आणि उत्तम हाताचे आहेत, पण रफू आणि जतन ही दोन कामं वेगळी. रफूवाला भोक दिसू नये म्हणून नवा धागा जुन्यात विणतो. जतन करणारा मागे सुती किंवा लिननच्या कापडाचा आधार देतो आणि जुना धागा त्यावर बारीक टाक्यांनी नुसता धरून ठेवतो, उद्या उसवायचं म्हटलं तर उसवता येईल असा. वापरायच्या शालीला रफू ठीक. शंभरीतल्या पटाला जतन. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलाजतन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण संशोधन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, इन्टॅक या वारसा-जतन संस्थेच्या जतनशाळा काही शहरांत आहेत. आधी फोटो पाठवा: समोरून, मागून, काठ, डाग, आणि मापाची टेप शेजारी धरून. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात आणि रेल्वेचं भाडं वाचतं. वीण नुसती ओळखायची असेल तर नागपुरात विणकर सेवा केंद्र आहे, शिवाय उमरेड-भंडाऱ्याकडच्या कोष्टी घरांतल्या जुन्या माणसाचा डोळा कुठल्याही भिंगापेक्षा तेज.

कोटेशन चौरस फुटावर देणाऱ्यापेक्षा तासांवर देणारा बरा. लेखी मागा: किती तास, कुठला धागा, काय काय उसवता येईल, आधीचे-नंतरचे फोटो मिळतील का, जीएसटी आत की वेगळा. आणि किंमत ठरवून देणारा किमतीच्या टक्क्यांत फी मागत असेल तर नमस्कार करून निघा, कारण आकडा फुगवण्यात त्याचाच फायदा.

जतन इतकं महाग का पडतं, हे इंग्लंडमधल्या हार्डविक हॉलच्या हिशेबावरून कळतं. तिथे गिदियनच्या बायबलकथेच्या तेरा टॅपेस्ट्री आहेत, सुमारे सहा मीटर उंच, मिळून सत्तर मीटरहून लांब. त्या बेस ऑफ हार्डविक या जहांबाज बाईनं १५९२ मध्ये घेतल्या. आधीच्या मालकाचं कुलचिन्ह झाकायचा खर्च येईल म्हणून तिनं किमतीत सूटही उकळली. इतवारीत घासाघीस करणाऱ्या बायांना ती आपलीच वाटेल. या तेरा पटांचं जतन २०२३ मध्ये संपलं. लागली २४ वर्षं आणि १७ लाख पौंड. क्षेत्रफळानं भागलं तर चौरस मीटरला साधारण चार हजार पौंड, आपल्या पैशात चार लाखांच्या वर. आमचा गालिचा सव्वादोन चौरस मीटरचा. त्या दरानं नऊ-दहा लाख झाले असते, यंत्रावरच्या बैलाला! तेव्हा आधी पाठ पाहा असं म्हणते, ते यासाठी.

विमा, विक्री आणि गल्लीतली हाक

घराच्या साध्या विम्यात असल्या वस्तू आपोआप धरल्या जात नाहीत. 'भारत गृह रक्षा' पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. तिच्यात कलावस्तू, मौल्यवान गालिचे, जुन्या दुर्मीळ वस्तू यांचं वेगळं ऐच्छिक कव्हर आहे, ठरवून घेतलेल्या किमतीवर. ही रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. एजंट हे स्वतःहून क्वचित सांगतो. विचारा.

विकायचं असेल तर कराचं आधी पाहा. वारशानं आलेल्या वस्तूवर मिळताना कर नाही, विकताना आहे. कलावस्तू ही घरगुती वापराची चीज धरली जात नाही, भांडवली मालमत्ता धरली जाते. दोन वर्षांहून अधिक काळ कुटुंबात असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के, हा दर २३ जुलै २०२४ पासूनचा. २००१ च्या आधीपासून घरात असलेल्या वस्तूला १ एप्रिल २००१ ची बाजारभावानं किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. म्हणून जुनं बिल, लिलावाची पावती, त्या गालिच्यासमोर काढलेला लग्नाचा फोटो, काही फेकू नका. आमच्याकडे नवऱ्याच्या बारशाचा फोटो निघाला, मागे बैलाचं अर्धं शिंग. यंत्रावरच्या पटाला फार किंमत येत नाही, हे मात्र आधीच मनाशी धरा. कुणी "अँटिक आहे" म्हणून लाखाची भाषा करत असेल, तर तो बहुधा तुम्हाला काहीतरी विकणार आहे.

आणि शेवटी ती हाक, जी आमच्या लेआउटमध्ये दुपारी येतेच: जुनी जरी, जुन्या जरीच्या साड्या. हा माणूस पैठणी विकत घेत नाही, तो तिच्यातली चांदी विकत घेतो. साडी जाळतो, राख गाळतो, चांदी काढतो. किंमत अंदाजानं, वजनकाटा त्याचा. चांदीचा भाव चढला की त्याच्या फेऱ्या वाढतात आणि अशा किती तरी हातविणीचे पदर राख झाले. घरात आर्थिक अडचण असेल तर मी कुणाला दोष देणार नाही. पण देण्याआधी पदर उलटून पाहा. मोर दोन्हीकडून सारखा असेल तर जरीच्या वजनावर सौदा करायचा नाही. पदर फाटका असला तरी. काठ गेलेला असला तरी.

सासूबाईंची पैठणी आता पाइपवर आहे, पलंगाखाली. युरोपा बैठकीत, पूर्वेच्या भिंतीवर, कूलरपासून लांब. चैत्रगौर मांडली की मी कुंकवाचा करंडा तिच्यापासून हातभर दूर ठेवते, कारण त्या डागाचं कोटेशन मी अजून कुणाकडून मागितलेलं नाही. सासूबाई लांबूनच हात जोडतात.